पाणी अडवा, चेहऱ्यात जिरवा!

'इमल्शन' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा कुठे ऐकला? दिवाळीच्या आधी, रंगाच्या दुकानात! भिंतींना डिस्टेंपर लावायचा की इमल्शन, यावर आई-बाबांची खडाजंगी होते, बजेट कोलमडतं आणि शेवटी हॉलपुरतं इमल्शन, आतल्या खोल्यांना डिस्टेंपर असा तह होतो. त्यामुळे ऑफिसातली एखादी मैत्रीण 'मी हल्ली रोज रात्री चेहऱ्याला इमल्शन लावते' असं म्हणाली, की आपल्या डोळ्यांसमोर आधी ब्रश आणि शिडीच येते.

पण मंडळी, सध्या हवा याच इमल्शनची आहे. हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत कुठल्याही ऑफिसच्या लेडीज रूममध्ये डोकावा. आरशासमोर दोन-तीन पातळसर बाटल्या हमखास दिसतील, त्यावर जपानी अक्षरं, आणि आजूबाजूला चर्चा... 'आधी लोशन की आधी सीरम?', 'इमल्शननंतर क्रीम लावायचं की नाही?', 'तुझं कितीला पडलं?' शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण या बाटल्या स्वस्त नाहीत, आणि पगाराच्या मेसेजनंतर येणारे ईएमआयचे मेसेज तर सगळ्यांनाच येतात.

सो, आज जरा या प्रकरणाचे फंडे क्लिअर करून घेऊ. इमल्शन नेमकं काय असतं, ते कधी लावायचं, कधी अजिबात लावायचं नाही, आणि आपल्या खिशातले पैसे कुठे थांबवायचे? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला टोकियोपेक्षा नगर जिल्ह्यातल्या एका गावात जास्त नीट सापडलं. त्या गावाकडे येतेच. आधी बाटली उघडू.

दुधाचा फंडा

जपानी भाषेत या इमल्शनला 'न्यूएकी' म्हणतात. 'न्यू' म्हणजे दूध आणि 'एकी' म्हणजे द्रव. दुधासारखा द्रव, इतकं साधं नाव! आणि ते अगदी चपखल आहे, कारण दूध हे निसर्गानं बनवलेलं इमल्शनच आहे. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत हे आपण शाळेत शिकलोय. पण दुधात स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्याभोवतीचं नाजूक आवरण त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. बाटलीतल्या इमल्शनमध्ये हेच काम 'इमल्सिफायर' नावाचा घटक करतो. पाणी जास्त, तेल कमी, म्हणून हात लावला की हलकं वाटतं, पटकन पसरतं आणि चेहरा तेलकट दिसत नाही.

आता हेच उलटं करा. साय विरजून घुसळली की लोणी वर येतं. लोण्यात स्निग्धांश जास्त आणि पाण्याचे थेंब त्यात अडकलेले. जुन्या पद्धतीची कोल्ड क्रीम साधारण याच धाटणीची. तेल जास्त, पाणी कमी. म्हणूनच ती थंडीत बरी वाटते आणि मे महिन्यात लोकलच्या गर्दीत नकोशी होते.

म्हणजे काय, तर न्यूएकी म्हणजे दूध आणि कोल्ड क्रीम म्हणजे लोणी. तुमच्या आजीला एवढंच सांगा, तिला बाकी सगळं आपोआप कळेल. कारण हिवाळ्यात गालांना साय चोळण्याचा कार्यक्रम तिनं आयुष्यभर केलेला असतो. (तरीही फ्रिजमधलं दूध कापसानं चेहऱ्याला फासू नका. बाटलीतल्या इमल्शनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असतं, तुमच्या पातेल्यात नसतं. पिंपल्सवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये.)

लोशन म्हणजे लोशन नव्हे!

पहिला गोंधळ होतो तो नावाचा. आपल्याकडे लोशन म्हणजे हातापायाला लावायचं पांढरं, घट्टसर बॉडी लोशन. जपानी ब्रॅण्डची 'लोशन' लिहिलेली बाटली घरी आणून उपडी केली, की हातावर येतं चक्क पाणी! 'फसवलं!' असं ओरडू नका. जपानमध्ये लोशन म्हणजे 'केशोसुई', म्हणजेच सौंदर्यप्रसाधनाचं पाणी. पाण्यात ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अॅसिडसारखे ओलावा धरून ठेवणारे घटक घातलेले असतात. ही काही आजची फॅशन नाही. शिसेइदो ही कंपनी १८७२ साली टोकियोच्या गिंझा भागात औषधाचं दुकान म्हणून सुरू झाली आणि १८९७ साली तिनं 'युडरमिन' नावाचं लाल रंगाचं लोशन बाजारात आणलं. आपल्याकडे लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला ते हे साल!

जपानी रुटीनचा नेहमीचा क्रम असा आहे. रात्री आधी क्लेन्झिंग ऑइलनं मेकअप आणि सनस्क्रीन काढायचं, मग सौम्य फेसवॉश. त्यानंतर केशोसुई. हवं असेल तर सीरम. मग न्यूएकी, म्हणजे आपलं इमल्शन. फारच कोरडी त्वचा असेल तर शेवटी क्रीम. सकाळी ऑइलची गरज नाही, पण सगळ्यात शेवटी सनस्क्रीन मस्ट. सगळ्यात पातळ ते आधी, घट्ट ते नंतर, हा साधा नियम. (आल्बियोन नावाचा एक जपानी ब्रॅण्ड मात्र आधी न्यूएकी आणि मग लोशन लावायला सांगतो. म्हणजे मतभेद तिथेही आहेत, फक्त आपल्याकडच्यासारखा आवाज चढत नसावा!)

दुसरी गंमत म्हणजे एकाच ब्रॅण्डचं इमल्शन तिथे दोन-तीन प्रकारांत मिळतं. बाटलीवर 'साप्पारी' असेल तर हलकं, अगदी फ्रेश वाटणारं, आणि 'शित्तोरी' असेल तर ओलसर, जरा घट्ट. टोकियोचा उन्हाळा मुंबईसारखा घामट आणि हिवाळा कोरडा ठणठणीत असतो, म्हणून ही सोय. ब्रॅण्ड तोच, पण ऋतूप्रमाणे बाटली बदलते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि लावायची पद्धत? आपण क्रीम लावतो ते पोळीला तूप चोपडल्यासारखं. तिथे रुपयाच्या नाण्याएवढं इमल्शन तळहातावर घेऊन, हात हलके घासून, चेहऱ्यावर दाबत दाबत लावतात. चोळणं नाही, रगडणं नाही. याला वेळ लागतो एक मिनिट. व्हॉट्सअॅपवरचे गुड मॉर्निंग डिलीट करायला आपल्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

विटा, गिलावा आणि ऑफिसचा एसी

पण हे सगळं करायचं कशासाठी? आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्याचं वर्णन करताना त्वचारोगतज्ज्ञ विटांच्या भिंतीची उपमा देतात. मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेला गिलावा म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अॅसिड हे स्निग्ध पदार्थ. या भिंतीतून आतलं पाणी सतत थोडं थोडं हवेत उडत असतं. गिलावा शाबूत असेल तर कमी उडतं. गिलावा खरवडला गेला की पाणी भराभरा निघून जातं, चेहरा ओढल्यासारखा होतो, खाजतो, लाल पडतो. मग कालपर्यंत चालणारी क्रीमसुद्धा झोंबायला लागते.

हा गिलावा खरवडतो कोण? आपणच! त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, आणि अंगाला लावायचा साधा साबण चांगलाच अल्कधर्मी. त्यानं दिवसातून चार वेळा तोंड धुवायचं, वर अक्रोडाचा स्क्रब, रविवारी चेहऱ्यावर लिंबू. त्यात भर म्हणजे ऑफिसचा एसी. तो हवेतला ओलावा काढून घेतो. नऊ-दहा तास त्या कोरड्या हवेत बसायचं आणि संध्याकाळी 'माझी स्किन ऑइली आहे, मला मॉइश्चरायझर नको' म्हणायचं! त्वचा एकाच वेळी तेलकट आणि पाण्यासाठी तहानलेली असू शकते. हलकं इमल्शन हे खरं तर याच लोकांसाठी आहे.

आणि हो, 'मी दिवसाला चार लिटर पाणी पिते, मला हे सगळं कशाला?' असं म्हणणाऱ्यांसाठी... पाणी प्या, जरूर प्या. पण भिंतीलाच भेगा असतील तर टाकी कितीही भरा, गळती थांबत नाही. तसंच दिवसभर चेहऱ्यावर गुलाबपाण्याचे फवारे मारणाऱ्यांचं. फवारा वाळला की चेहरा पुन्हा होता तसाच. पाणी आणण्यापेक्षा ते राखणं जास्त महत्त्वाचं. आणि ही गोष्ट महाराष्ट्रात ज्या गावानं सगळ्यात झकास करून दाखवली, त्या गावाकडे आता वळू.

हिवरे बाजारचा हिशेब

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बसमधला शेजारचा प्रवासी अजून 'नगर'च म्हणतो. तर त्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. मागच्या उन्हाळ्यात एका पूर्णपणे वेगळ्या लेखासाठी तिथे गेले होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे सरासरी चारशेच्या आसपास. १९७२च्या दुष्काळानंतर गाव हळूहळू ओस पडत गेलं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसं कामासाठी बाहेर. १९८९मध्ये गावानं पोपटराव पवार या एम. कॉम. झालेल्या क्रिकेटवेड्या तरुणाला सरपंच केलं. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. लोकांनी श्रमदान केलं, डोंगरउतारावर समतल चर खणले, नालाबांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली, ती या सगळ्या वाटचालीनंतर.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आपण एसटीच्या मागे आणि शाळेच्या भिंतींवर वाचत मोठे झालो. तिचा अर्थ इथे दिसतो. उतारावरून धावणारं पाणी चरात थांबतं, थांबलं की जमिनीत मुरतं आणि मुरलं की विहिरीत येतं. पण मला जास्त भावली ती पुढची गोष्ट, पाण्याचा ताळेबंद. गाव दरवर्षी पाऊस मोजतं, विहिरींची पातळी बघतं आणि हातात किती पाणी आहे याचा हिशेब ग्रामसभेत मांडतं. त्यावरून ठरतं यंदा कुठली पिकं घ्यायची. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी सगळ्यात आधी. मग रोजच्या वापराचं. उरलेल्यातलं साधारण ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्यासाठी जमिनीतच राखून ठेवायचं. उसासारखी तहानलेली पिकं बंद. शेतीसाठी बोअरवेल बंद. पाऊस कमी झाला तर चैन कमी, एवढा सरळ कारभार!

आता चेहऱ्याच्या बाटल्यांसाठी एका दुष्काळी गावाचा दाखला देणं जरा अगोचरपणाचं आहे, याची मला कल्पना आहे. तिथे घाम गाळावा लागला, इथे फक्त झाकण उघडायचंय. पण तिथल्या एका ओसरीवर ताक पिताना माझ्या पर्समधली इमल्शनची बाटली बाहेर आली आणि शेजारच्या मावशींनी ती हातात घेतली. थेंबभर तळव्यावर घेऊन बघितला.

"दुधावानी दिसतंय की गं ताई. केवढ्याला?"

"बाराशेला, मावशी."

मावशींनी क्षणभर हिशेब केला. "म्हंजी चाळीस लिटर दूध झालं की!"

त्या वाक्यानंतर मला ताक गिळायला जरा वेळच लागला. कारण हे गाव दुधाचा हिशेब गंमत म्हणून करत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इथे दिवसाला जेमतेम १५० लिटर दूध निघायचं. पाणी मुरलं, डोंगरावर गवत आलं, जनावरं वाढली आणि पुढच्या पंधराएक वर्षांत हा आकडा ४००० लिटरच्या घरात गेला. बाटलीभर न्यूएकी म्हणजे चाळीस लिटर दूध हे गणित ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, तो माणूस दहा स्टेप्सचं रुटीन विकत घेणार नाही. मावशी हिवाळ्यात साय किंवा खोबरेल लावतात. उन्हात जाताना डोक्यावर पदर आणि त्यावर रुमाल. म्हणजे ओलावा राखायचा आणि ऊन अडवायचं, स्किनकेअरचे दोन्ही मोठे नियम त्यात आले!

यावर 'मग मीही खोबरेलच लावते' असं लगेच ठरवू नका. खोबरेलानं अनेकांच्या चेहऱ्यावरची रोमछिद्रं बुजतात आणि पिंपल्स येतात. मावशींकडून घ्यायचंय ते तेल नाही, हिशेब घ्यायचाय.

चेहऱ्याची बोअरवेलबंदी

हा हिशेब आपण कुठे चुकवतो? झटपट ग्लोच्या नादात. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेल बंद केली, कारण बोअर मारली की पाणी आज भसाभसा येतं आणि उद्या खालचा साठा संपतो. आपल्या चेहऱ्याच्या बोअरवेलचं नाव आहे स्टेरॉइडवाली क्रीम.

लग्न पंधरा दिवसांवर आलंय, रंग 'उजळायला' हवाय, मग कुणीतरी मेडिकलमधून एक छोटी ट्यूब आणून देतं. आठ दिवसांत चेहरा खरंच चमकतो. मग सवय लागते. हळूहळू त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, उन्हात गेलं की आग होते. क्रीम बंद केली की चेहरा अजून भडकतो, म्हणून पुन्हा तीच क्रीम. त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा पेशंटची इतकी रीघ लागली की या प्रकाराला वेगळं नाव द्यावं लागलं. 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. २०१८मध्ये केंद्र सरकारनं अशा १४ स्टेरॉइडच्या मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. स्टेरॉइड हे औषध म्हणून उत्तमच आहे, डॉक्टरांनी दिलं तर. मैत्रिणीच्या ताईनं दिलं तर नाही!

'पण जपानी प्रॉडक्ट्स सेफ असतात ना?' हा पुढचा प्रश्न. इथे जरा थांबा. जुलै २०१३मध्ये कानेबो या मोठ्या जपानी कंपनीनं आपली ५४ उत्पादनं बाजारातून परत मागवली. कारण? त्यातला 'रोडोडेनॉल' हा त्वचा उजळ करणारा घटक. तो वापरणाऱ्यांपैकी काही जणींच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग पडले होते. तक्रार करणाऱ्यांचा आकडा पुढे १९ हजारांवर गेला. आणि परत मागवलेल्या मालात लोशन आणि इमल्शनही होती. काहींचे डाग भरून आले, काहींचे राहिले. जपानसारख्या शिस्तीच्या देशात, सरकारी मंजुरी मिळालेला घटक असूनही हे घडलं.

यातून घ्यायचा धडा 'जपानी वाईट' हा नाही. धडा हा की आपल्याला ओलावा विकत घ्यायचाय की गोरेपणा, हे बाटली उचलण्याआधी ठरवायला हवं. जपानी बाटल्यांवर 'बिहाकू' हा शब्द आला की तो उजळपणाच्या गोटातला समजा. आपल्याकडे १९७५पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अॅण्ड लव्हली'नं २०२०मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललं, पण 'जरा सावळी आहे, पण नाकीडोळी छान' हे वाक्य स्थळं बघताना अजून ऐकू येतंच. इमल्शन हे चेहऱ्याचं पाणी राखण्यासाठी आहे. तुमचा रंग हा काही दुष्काळ नाही, त्याच्यावर उपाययोजना नको!

आपलं आपलं बजेट

चला, आता ग्रामसभा भरवू. अजेंडा एकच, तुमचा चेहरा. हिवरे बाजारच्या क्रमानं जाऊ.

पिण्याचं पाणी आधी. स्किनकेअरमधलं पिण्याचं पाणी म्हणजे तीन वस्तू. सौम्य फेसवॉश, एक मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. महिन्याचं बजेट आधी या तिघांना. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० आणि त्यावर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं असतील असं बघा. ही 'पीए'ची पद्धतही १९९६मध्ये जपाननंच आणली. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर मावेल एवढं घ्यायचं. टिकलीएवढं लावून उपयोग नाही.

मग पीकपाणी. या तीनमधलं मॉइश्चरायझर म्हणून इमल्शन घ्यायचं का, हे हवामानावर ठरवा. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तोंड धुऊन थेट हलकं इमल्शन पुरतं, लोशनची बाटली नाही घेतली तरी चालतं. पुणे, नगर, नाशिक, संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलसर चेहऱ्यावर लोशन आणि त्यावर लगेच इमल्शन हे कॉम्बिनेशन मस्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यावर गाल आणि ओठांभोवती थोडी क्रीम. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी पावसाळ्यातही इमल्शन सोडू नये. लोशन जिरवतं, इमल्शन अडवतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मग ऊस. पाच हजारांचं सीरम, सोन्याचा वर्ख असलेला मास्क, डोळ्यांसाठी वेगळं, मानेसाठी वेगळं... हे सगळं ऊस आहे. गोड आहे, पण पाणी फार पितं. शिल्लक असेल तर बघा. हप्त्यावर तर मुळीच नको.

आणि ३० टक्के राखीव. म्हणजे आठवड्यातून दोन-तीन रात्री काहीही प्रयोग नाहीत. फेसवॉश, इमल्शन, झोप. त्वचेला स्वतःची डागडुजी करायला साधारण महिनाभर लागतो, म्हणून नवीन बाटली चार दिवसांत 'फेल' ठरवू नका. पण आग झाली, पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी बंद.

मित्रांनो, पान उलटू नका! हे तुमच्यासाठीही आहे, किंबहुना जास्तच. रोज वस्तरा फिरवला की वरचा थर खरवडला जातो, आणि त्यावर तुम्ही झोंबणारं आफ्टरशेव्ह मारता. झोंबणं म्हणजे मर्दानगी नव्हे, ती भिंतीची तक्रार आहे. आफ्टरशेव्हऐवजी बिनवासाचं हलकं इमल्शन लावून बघा. ते चिकट नसतं, चमकत नाही आणि मीटिंगमध्ये कुणाला कळतही नाही.

दुकानात जाताना

• घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. ग्लिसरीन, सेरामाइड, स्क्वालेन ही नावं यादीत वर असतील तर बरं. उगीच शेवटी एका कोपऱ्यात असतील तर ती जाहिरातीपुरती.

• चेहरा लगेच लाल होणाऱ्यांनी 'फ्रॅगरन्स' किंवा 'परफ्यूम' लिहिलेलं टाळावं.

• आयात केलेल्या बाटलीवर भारतातला नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता असायला हवा. २०२०च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे ते बंधनकारक आहे. स्टिकरच नाही आणि किंमत निम्मी, तर हात जोडून पुढे चला.

• नवीन बाटली आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा. मग चेहरा.

• जपानीच हवं असा हट्ट नको. हलकं, पाणी जास्त आणि तेल कमी असलेलं देशी जेल-क्रीम किंवा लोशनही तेच काम करतं. न्यूएकी ही पद्धत आहे, पासपोर्ट नव्हे.

• एक्झिमा, सोरायसिस, चिघळलेले पिंपल्स, पांढरे किंवा काळे डाग... ही कामं बाटलीची नाहीत, त्वचारोगतज्ज्ञांची आहेत.

तर या वीकएण्डला मॉलमध्ये जाण्याआधी घरचं कपाट उघडा, सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा आणि हिवरे बाजारसारखा ताळेबंद करा. काय शिल्लक आहे, काय नुसतं पडून आहे, कशाची मुदत संपलीय. माझी एक आयटीतली मैत्रीण हे करायला बसली तर तिला तीन अर्धवट सीरम्स आणि चार लिपबाम सापडले, सनस्क्रीन मात्र एकही नाही! म्हणजे ऊस भरपूर आणि प्यायला पाणी नाही. त्या महिन्यात तिनं एक सनस्क्रीन आणि एक साधं इमल्शन घेतलं, बाकी सगळी खरेदी बंद. उरलेले पैसे कुठे गेले म्हणाल तर गोव्याच्या तिकिटात. आता तिथल्या उन्हात ती ते सनस्क्रीन दोन बोटं लावते की टिकलीएवढं, ते फोटो आल्यावर कळेलच!